रातपाळीची सकाळ

इतवारीत जडीबुटीची जी जुनी दुकानं आहेत, त्यांतल्या एका दुकानात मी आईसाठी ज्येष्ठमध घ्यायला उभी होते. मार्च सरत आला होता आणि नागपूरचं ऊन दहा वाजताच डोळ्यांवर यायला लागलं होतं. दुकानात मात्र अंधार, गारवा आणि तो सगळ्यांचा मिळून होणारा एकच वास: हिरडा, वेखंड, ओवा, कापूर, गोणपाट. माझ्या पुढे एक माणूस होता. खांद्याला डब्याची पिशवी, अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळे तांबारलेले. दुकानदारानं कसल्याशा काढ्याची भरड पुडीत बांधली, दोरा दातानं तोडला आणि सवयीनं सांगितलं, "सकाळी अनशापोटी घ्यायचा. दोन कप पाण्याचा अर्धा कप होऊ द्या." माणूस पैसे काढता काढता थांबला. "भाऊ, मी बुटीबोरीले रातपाळीत आहो. सकाळी आठले घरी येतो, जेवतो अन् झोपतो. माही सकाळ कोनती धरू?" दुकानदारानं खरंच विचार केला. म्हणाला, "उठल्यावर घ्या ना." "उठतो तवा चार वाजते." "मंग चारले घ्या." माणसानं मान हलवली, पुडी पिशवीत टाकली आणि गेला.

मी ज्येष्ठमध घेऊन घरी आले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या माणसानं मागितलं होतं ते अगदी रास्त होतं. औषध कधी घ्यायचं ते नीट सांगा, एवढंच. आणि त्याला खरं उत्तर द्यायचं तर दुकानदारापाशी काय, चांगल्या शिकलेल्या माणसापाशीही ते सहज सापडलं नसतं. चारला घेतलेला काढा आणि आठला घेतलेला काढा शरीराला सारखाच पडतो का? काढ्यात जे काही कडू, उग्र, जहाल असतं, ते निस्तरणारं यकृत दिवसभर एकाच ताकदीनं काम करतं का? करत नाही. आणि मला ही गोष्ट लोकांपर्यंत पोचावी असं फार वाटतं, कारण आपल्याकडे "जडीबुटीच आहे, कधीही घ्या, अपाय नाही" हे वाक्य औषधापेक्षा जास्त खपतं.

माझी वहिनी नर्स आहे. एका खासगी दवाखान्यात आयसीयूला असते आणि तिच्या वाट्याला रातपाळी इतरांपेक्षा जास्त येते. करोनाच्या लाटेत तिनं गुळवेलीचा काढा सुरू केला, तो सुटलाच नाही. त्यात पुढे कडुनिंब आला, काडेचिराईत आलं. सकाळी ड्युटी संपवून साडेआठला घरी येते, पाय धुते, ओट्यापाशी उभ्यानंच तो काळपट हिरवा काढा एका दमात पिते, तोंड वाकडं करते, वर दोन घास पोळीभाजी खाते आणि खिडकीला जाड पडदा ओढून झोपते. तिच्या बाटलीवर कुणीसं लिहून दिलंय, "सकाळी". घरातल्या सगळ्यांची सकाळ तेव्हा असतेच. तिचं शरीर मात्र त्या वेळी रात्रीच्या कडेला उभं असतं.

काटोलची आजी असती तर तिनं हे चालू दिलं नसतं, असं मला वाटतं. आजीला यकृताची रसायनं ठाऊक नव्हती, पण औषधाची वेळ हा तिच्या लेखी औषधाचाच भाग होता. तिचा बिब्बा मला अजून दिसतो. आमच्या विदर्भाच्या जंगलातलं हे फळ. काळं, चकचकीत, खाली केशरी बोंडाचं. दिवाळी उलटून थंडी पडली की आजी बिब्बा सुईच्या टोकावर टोचायची, दिव्याच्या ज्योतीवर धरायची. साल तडतडायची आणि आतून दाट काळं तेल थेंबाथेंबानं खालच्या वाटीतल्या दुधात उतरायचं. थेंब दुधावर पडला की तपकिरी नक्षी पसरायची. हाताला आधी खोबरेल तेल फासलेलं. आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत यायला बंदी. थेंब मोजून, आणि ते दूध प्यायच्या दिवसांत तूप-भात, गोड, थंड खायचं; उन्हात जायचं नाही, तिखटाला शिवायचं नाही. एकदा काकूनं चैत्रात हट्टानं टाचेच्या भेगेला बिब्बा लावला तो असा उतला, की पोटरीपर्यंत फोड आले आणि चेहरा सुजला. आजी तेवढंच म्हणाली, "दिवस कोणते, ते पाहाव लागते बाई."

पुष्कळ वर्षांनी चरकसंहितेत भल्लातक रसायनाचा भाग वाचताना मला आजीची वाटी आठवली. तिथं सांगितलंय की बिब्बे ज्येष्ठ-आषाढात गोळा करावे, जवाच्या नाहीतर उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवावे आणि मार्गशीर्ष-पौषात, थंड, स्निग्ध, मधुर आहारानं शरीर तयार करून मगच घ्यायला लागावं. म्हणजे गोळा करण्याचा काळ वेगळा, मुरण्याचा वेगळा, पोटात जाण्याचा वेगळा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला एवढा बंदोबस्त कशासाठी हे विचारावं लागत नाही.

ऋतूचं हे झालं. दिवसाच्या घटकांचं काय?

तिथेही आपले ग्रंथ गप्प नाहीत. शारंगधरानं औषध घेण्याचे पाच काळ सांगितले: सूर्योदयाला, दिवसाच्या जेवणाला, संध्याकाळच्या जेवणाला, वारंवार आणि रात्री. सुश्रुत आणि वाग्भट त्याहून बारीक जातात. उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, जेवणानंतर, अन्नात मिसळून, दोन जेवणांच्या मध्ये, घासाबरोबर, दोन घासांमध्ये. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती उगाच किचकट वाटली होती. आता त्या रातपाळीवाल्या माणसाच्या प्रश्नानंतर पुन्हा पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरली. यातले बहुतेक काळ जेवणाला बांधलेले आहेत, सूर्याला नाहीत. किती वाजले, याच्याआधी विचारलंय की अन्न कुठं आहे.

आणि याच ठिकाणी हल्लीचं विज्ञान येऊन भिडतं, म्हणून मला हा विषय सोडवत नाही. शरीरात घड्याळ आहे हे आता शाळेतली मुलंही सांगतात. २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना त्या घड्याळाचे पेशीतले दाते उलगडल्याबद्दल मिळालं. पण घड्याळ एक नाही. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या वर, मुख्य घड्याळ बसलंय आणि ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाशी वेळ जुळवून घेतं. यकृताचं घड्याळ वेगळं. २००० आणि २००१ साली लहानमोठ्या जातींच्या उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की त्यांना त्यांच्या नेहमीच्या वेळेऐवजी भलत्याच वेळी खायला घातलं, तर काही दिवसांत यकृताचं घड्याळ त्या जेवणाच्या वेळेला जाऊन मिळतं. मेंदूतलं घड्याळ मात्र उजेडाचीच वेळ धरून बसतं. एकाच कातडीच्या आत दोन वेळा. बुटीबोरीचा तो माणूस रात्री एक वाजता कॅन्टीनला जेवतो, सकाळी आठला पुन्हा जेवतो, दुपारी बारीक उजेडात झोपतो. त्याच्या यकृताला काय वाजले असतील?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, कारण विषाचा परिणाम वेळेनुसार बदलतो हे फार आधी दिसलेलं आहे. १९६०च्या सुमारास अमेरिकेत, मिनेसोटात, फ्रान्झ हालबर्ग यांनी उंदरांना जिवाणूंच्या विषाची तीच ती मात्रा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी टोचून पाहिली. एका वेळी टोचलेल्यांतले सुमारे ८० टक्के उंदीर मेले, दुसऱ्या वेळी टोचलेल्यांतले २० टक्क्यांहूनही कमी. मात्रा तीच, उंदीर त्याच जातीचे, फरक फक्त घड्याळाचा. पॅरासिटामॉलसारख्या घरोघरीच्या औषधाचंही तसंच. उंदरांना जादा मात्रा रात्री दिली तर यकृताला होणारी इजा सकाळच्यापेक्षा जास्त, कारण त्या औषधातून घातक पदार्थ बनवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आणि तो पदार्थ निकामी करणारं ग्लुटाथिऑन, दोन्ही दिवसभरात वरखाली होतात. आपले डॉक्टर स्टेरॉइडची गोळी सकाळीच घ्यायला सांगतात आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं सिमव्हास्टॅटिन रात्री, त्याच्यामागेही शरीरातल्या घड्याळाचेच हिशेब आहेत.

वनस्पतींच्या बाबतीत हे काम चिनी संशोधकांनी जास्त केलंय, कारण त्यांच्याही परंपरेत विषारी मुळ्या आणि बिया औषधात आहेत. त्यातल्या दोन आपल्या ओळखीच्या. एक काजरा, ज्याला कुचला म्हणतात. त्याच्या बीत स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन असतं. स्ट्रिक्निननं पाठीच्या कण्यातला आवर सुटतो आणि शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. दुसरा बचनाग, म्हणजे वत्सनाभाचं कुळ; त्यातलं अ‍ॅकोनिटीन हृदयाच्या पेशींतले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं आणि ठोके बेताल होतात. चीनमध्ये बचनागाच्याच कुळातल्या एका मुळीला फूत्सी म्हणतात. उंदरांवर असं दिसलं की ब्रुसिन आणि फूत्सी, दोघांचंही विष दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त चढतं, आणि त्याचं मोठं कारण यकृतातलं सीवायपी३ए११ नावाचं विकर आहे. ते घड्याळाच्या तालावर वाढतं आणि ओसरतं. ते भरात असताना विष लवकर निपटलं जातं, ओसरलेलं असताना रक्तात रेंगाळतं. आपल्या यकृतातलं त्याचं भावंड म्हणजे सीवायपी३ए४, आणि आपण घेतो त्या औषधांतली फार मोठी संख्या त्याच्याच हातून जाते.

उंदीर निशाचर असतो, हे इथं विसरून चालत नाही. त्याची रात्र म्हणजे आपला दिवस. तेव्हा उंदराच्या प्रयोगातले तास उचलून कुणी "बचनागाची गोळी अमुक वाजता घ्या" असं सांगायला लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. यकृत जोरात काम करतंय म्हणजे आपण सुरक्षित, हेही सरसकट खरं नाही.

त्याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. सत्तरच्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आताच्या छत्तीसगडात, काही गावांतली माणसं पोट फुगून आजारी पडली. यकृतातल्या बारीक शिरा बंद होत होत्या. शोध घेतला तर गोंदली नावाच्या बारीक धान्यात रानातल्या क्रोटालारियाच्या बिया मिसळलेल्या निघाल्या. आपल्याकडे शेंग वाळली की आत बिया वाजतात म्हणून जिला खुळखुळा म्हणतात, त्याच कुळातली ती वनस्पती. तिच्यातलं मूळ द्रव्य तितकं घातक नसतं. ते यकृतात गेल्यावर, यकृताच्या विकरांनीच त्याचं विष होतं, आणि त्या विकरांत पुन्हा हे सीवायपी३ए कुटुंब आहेच. म्हणजे ज्या वेळी यकृत ब्रुसिनला चटकन निकामी करेल, त्याच भरात ते खुळखुळ्याच्या द्रव्यातून विष तयार करेल. एका मुळीची चांगली वेळ दुसरीची वाईट वेळ. सगळ्या औषधांना मिळून एकच शुभ मुहूर्त काढता येत नाही, आणि पाच-सात वनस्पती एकत्र उकळलेल्या काढ्याला तर नाहीच नाही. आपले वैद्य एकेका औषधाला वेगळा काळ सांगत आले, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. सरसकट "सकाळी अनशापोटी" हे बाटलीवरचं वाक्य मला तसं वाटत नाही.

घड्याळ वनस्पतीलाही असतं. १७२९ साली द मेरान नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूचं रोप अंधाऱ्या जागेत ठेवलं, तरी त्याची पानं वेळ झाली की उघडत आणि वेळ झाली की मिटत राहिली. शरीरातल्या घड्याळाची गोष्ट जगात सुरू झाली ती एका रोपापासून. आमच्या अंगणातली रातराणी संध्याकाळनंतरच वास सोडते, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. वास म्हणजे रसायनंच. तेव्हा जी मुळी किंवा पान आपण उकळतो, त्यात ते कधी तोडलं होतं ती वेळही उतरलेली असते.

नागपूर हे गाव घड्याळाच्या गोष्टीला फार जवळचं आहे, असं मला नेहमी वाटतं. झिरो माइलचा दगड आमच्याकडे, देशाचं मधलं ठिकाण म्हणून मिरवतो; पण इथला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण चौदा मिनिटं मागं असतो, कारण ती वेळ आपल्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशाची आहे. हे चौदा मिनिटांचं काही नाही. खरा गोंधळ वेगळाच. रात्री दोन वाजता कळमन्याच्या बाजारात जा. संत्र्याच्या हंगामात ट्रक रिकामे होत असतात, हमाल डोक्याला फडकं बांधून पेट्या उतरवत असतात, चहाच्या टपरीवर पिवळ्या दिव्याखाली लोक दिवसासारखे जेवत असतात. स्टेशनवर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा दोन्ही वाटा एकमेकींना कापतात. तिथले गार्ड, पॉइंट्समन, कुली. मिहानमधल्या कंपन्यांतली पोरं, जी दुसऱ्या देशाच्या दिवसात काम करतात. दवाखान्यांतल्या वहिनीसारख्या बायका. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रातपाळीचं काम माणसाला बहुधा कर्करोगकारक म्हणून नोंदवलं, २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. एवढं मोठं शहर दोन वेळांत जगतंय आणि औषधाच्या पुडीवर मात्र एकच सकाळ छापलेली.

वर उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कामगार माणूस आधीच पाणी आणि क्षार गमावून बसलेला असतो. अशा दिवसांत कुणी पोट साफ करायला सोनामुखीचं चूर्ण रोज घेतं, आणि पोटाबरोबर उरलंसुरलं पोटॅशियमही जातं. पाय वळतात, छातीत धडधडतं, आणि दोष उन्हावर जातो.

माझ्या आईचं ज्येष्ठमध हेही तसंच. आईला बीपी आहे. खोकल्यासाठी ती ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात ठेवायची, गालात एका बाजूला, त्या बाजूचा गाल थोडा फुगलेला, आणि बोलताना गोड वास. कांडीतलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं. ते विकर कॉर्टिसोल या संप्रेरकाला तिथं शिरकाव करू देत नाही. ते अडलं की कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, पोटॅशियम जातं, बीपी चढतं. युरोपात रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनची सांगितली आहे. आणि कॉर्टिसोल तर घड्याळाचंच पोर. पहाटे-सकाळी उंच, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यांत खाली. मी हे आईला समजावत होते तेव्हा तिनं कांडी तोंडातून काढली, पदराला पुसली, पाहिली आणि म्हणाली, "इतकी साधी काडी आहे ही." मग ती तिनं डबीत ठेवून दिली. आता खोकला आला की ती डॉक्टरांना विचारते. मला ते बघून बरं वाटतं आणि थोडं वाईटही, कारण त्या काडीत तिच्या आईचा काळ होता.

गुळवेलीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या बऱ्याच जणांत यकृताला इजा झाली ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं पेटून. अशा माणसाला वेळ बदलून काही उपयोग नाही. त्यानं ते थांबवायलाच हवं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वेळेबद्दल एवढं बोलल्यावर कुणाला वाटेल की योग्य वेळी घेतलं की सगळं पचतं. वेळ हा उतारा नाही. बचनागही शोधन केल्याशिवाय कोणत्याही प्रहरी बचनागच असतो. गोमूत्रात किंवा दुधात भिजवून-उकळून त्यातलं अ‍ॅकोनिटीन फुटून सौम्य होतं, ते काम भट्टीवर व्हायला हवं. ते राहिलं तर कोणाच्याही यकृताला सकाळ वाचवू शकत नाही.

सरकारी नियमात बचनाग, बिब्बा, कुचला, धोतरा अशांची एक वेगळी यादी आहे, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांची ई-एक अनुसूची. यातलं काही पोटात घ्यायच्या ज्या औषधात असेल, त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असं लिहावंच लागतं. ते वाक्य बारीक अक्षरांत असतं आणि "आयुर्वेदिक" हा शब्द मोठ्या. देखरेख करणाऱ्यानं काय विचारावं, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते त्यानं पहिल्यांदा हे विचारावं: झोपता कधी, उठता कधी, दिवसातलं मोठं जेवण कधी, ड्युटी बदलते का, दुसऱ्या कोणत्या गोळ्या किती वाजता घेता. आणि अपाय झाला तर त्याची नोंद करताना "किती दिवस घेतलं" याच्या शेजारी "किती वाजता, काय खाल्ल्यावर" हेही लिहिलं जावं. आयुष औषधांच्या अपायांची नोंद ठेवायची देशव्यापी योजना २०१८ पासून आहे. तिच्यात ही दोन ओळींची माहिती साठत गेली, तर पुढच्या पिढीला उंदरांच्या तासांवर विसंबावं लागणार नाही.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिनं आधी मला झापलं. "मी आयसीयूत अँटिबायोटिकचे तास मिनिटाला धरते, मला वेळ शिकवते?" पण मग स्वतःच गप्प झाली, आणि संध्याकाळी म्हणाली, महाल भागातल्या त्या वैद्यबाईंकडे जाऊ या. त्या जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर बसतात; लाकडी जिना, वर कूलरच्या खशीचा ओला वास. वहिनीनं घरातली गुळवेल पिशवीत आणली होती. वैद्यबाईंनी एक तुकडा घेतला, नखानं वरची पातळ साल सोलली, आतलं हिरवं पाहिलं, मग सुरीनं आडवा छेद घेऊन उजेडाकडे धरला. आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसत होत्या. मग खोडावरून अंगठा फिरवला. "ही कोणी दिली?" वहिनी म्हणाली, दारावर एक बाई विकायला येते, कधी ही देते, कधी दुसरी. "दुसरी म्हणजे? खोडावर गाठी गाठी असतात तिच्या?" वहिनीला आठवलं, हो, मधे एकदा खरबरीत होती. "ती गुळवेलीची बहीण. ती घ्यायची नाही. आणि ही पण आता बंद. आधी यकृताच्या तपासण्या करून या."

वहिनीनं विचारलं, मग रिपोर्ट चांगले आले तर सकाळी घेऊ की संध्याकाळी? वैद्यबाईंनी केसपेपर उलटा केला, आठवड्याचे सात रकाने आखले आणि वहिनीला प्रत्येक दिवशीचं जेवण, झोप, ड्युटी विचारत भरत गेल्या. मंगळवारी रात्री एक वाजता डबा, बुधवारी सुट्टी म्हणून रात्री झोप, गुरुवारी पुन्हा ड्युटी. रकाने भरून झाले तेव्हा कोणतेही दोन दिवस सारखे नव्हते. त्या म्हणाल्या, "असं दर दोन दिवसाला उलटंपालटं होणाऱ्या आठवड्यात मी कोणतंच तीक्ष्ण औषध सुरू करत नाही. ड्युटी एकसारखी लागली की या. तेव्हा तुमच्या मोठ्या जेवणावर वेळ ठरवू, घड्याळावर नाही."

वहिनीचे रिपोर्ट आले, बरे आले. काढा बंदच आहे. तिच्या वॉर्डातल्या तिघी जणी रातपाळीला बाटलीतून कसले कसले काढे घेऊन येतात, हे तिच्या आता लक्षात आलंय. दोघींनी तिचं ऐकून काय काय घेतो ते कागदावर लिहून दिलं. एकीच्या काढ्यात कुचल्याची गोळी निघाली, ती कुठल्याशा गावच्या माणसाकडून आणलेली, वेष्टन नाही, नाव नाही. तिसरी म्हणते, मला पाच वर्षांत काही झालं नाही, मी का थांबवू. येत्या शनिवारी वहिनीची सुट्टी आहे. ती त्या तिसरीला घेऊन महालात जाणार आहे.